एकशे बेचाळिसावा

जानेवारीतला दुसरा रविवार.
हतनूरचं पाणी चांगदेवच्या काठापासून मागे सरकलेलं,
सरकल्या जागेवर गाळपेरीचा हरभरा
घोट्याएवढा.
नेहेते सर स्कोपचे तीन पाय गाळात रोवतात,
मी वही धरतो.
एकतीस वर्षं सावदा-फैजपुरात मीटर वाचले,
आकडा दिसला की उतरवायचा,
हाताची खोड जात नाही.

पट्टकादंब. एकशे एकेचाळीस.
प्रत्येकाच्या डोक्यामागे दोन काळ्या रेघा,
बेरजेखाली ओढतो तशा.
म्हणजे हिशोब पुरा. पान उलटा.

"थांब," सर म्हणाले,
"त्या मोडक्या डोंग्याच्या अलीकडे.
त्याला रेघा नाहीत."

डोळा लावला. काचेत आधी माझीच पापणी,
मग धुकं, मग तो.
मातकट. मान खाली.
चोच गुलाबी की नारिंगी, ऊन ठरवू देईना.
पाय मात्र नारिंगीच,
गाळातून उपसला की लख्ख.

कलहंस असेल, मी म्हणालो.
कलहंसाचे पाय गुलाबी.
मग कुणाच्या फार्महाउसवरून सुटलेला?
पाळीव असता तर बूड लोंबलं असतं.
मग पांढऱ्या कपाळाचा!
सर बराच वेळ गप्प.
"कपाळ कुठाय पांढरं?"

पाऊण तास आम्ही एका जिवाला
नाही, नाही म्हणत राहिलो,
गार बोटांनी पुस्तक मागेपुढे करत.
तो चरत होता.
कोणीतरी असायची
त्याला घाई नव्हती.

बांधावरून सुपडाबाई आली,
हातात तेलाचा रिकामा डबा आणि दांडकं.
"त्या येकल्याले पाहू रायले ना तुमी?
तो त्यायच्यातला नाही, भाऊ.
वीस-बावीस दिवस झाले येऊन.
समदे उडता, तो मांगून उडते.
आन् हासते."

हसतो?

"आयका मंग."
आणि तिनं डबा बडवला.

सगळं पाणी उठल्यासारखं झालं.
एकशे एकेचाळीस गळे, जाड, नाकातले,
जुन्या एसट्यांचे हॉर्न एकदम दाबावेत तसे,
आणि त्यांच्या मागून, जरा वरून,
बारीक, दोन-तीन तुकड्यांत मोडलेलं,
शेवटच्या बाकावर पोर खिदळावं तसं
काहीतरी.

सरांचं बोट पानावर थांबलं.
"पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू आहे रे.
कपाळ पांढरं व्हायचंय अजून."

म्हणजे जी खूण आम्ही शोधत होतो
ती अजून उगवलीच नव्हती.

सुपडाबाईनं बांधावर बूड टेकलं.
"माह्या आधीचे दोन मरेल व्हते.
मंग मले सुपात घालून फिरवलं दारोदार,
तवा जगली. म्हनून सुपडी.
कपायावर काय लिव्हेल व्हतं माह्या?"

मी नवीन ओळ आखली.
पांढऱ्या कपाळाचा कादंब: एक.
पुढचा रकाना, ओळख कशावरून.
'पाय' लिहिलं. खोडलं.
'हसण्यावरून' लिहिलं.
सरांनी चष्म्यावरून पाहिलं, काही बोलले नाहीत.
त्यापुढचा रकाना, कोणी ओळखला.

"काय लिव्हलं, भाऊ?"
तुमचं नाव.
"माह्यं कायले?
मी तं हाकलते त्याले."

तेवढ्यात थवा पुन्हा उतरला
हरभऱ्याच्याच दुसऱ्या टोकाला.
सगळे बसले. मग तो बसला.
ती उठली, लुगडं झटकलं,
आणि डबा घेऊन तिकडे निघाली.