सहा सेंटिमीटर आणि थोडं

मासेरूच्या शिबिरात मोत्सामाई सर म्हणाले होते,
"ढांग टाकू नका.
ढांग टाकलीत तर तुमची हौस मोजली जाईल, जमीन नाही.
बाजारातून घरी येताना चालता तसं चाला.
पाऊल चुकेना का,
दर वेळी तेवढंच चुकू दे."

मार्चमध्ये शाळेच्या पटांगणावर टेप ताणली, शंभर मीटर.
जाताना एकशे एकतीस पावलं, येताना एकशे तेहतीस.
एकशे बत्तीस धरले.
पाऊण मीटरचं पाऊल, वर बोटभरही नाही.
वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून टाकलं,
रक्तगट लिहितात तसं.

मग कुथिंगच्या वरच्या अंगाची शेतं
मी या एका आकड्यावर चालत गेले,
कोरफडीच्या बांधापासून कोरफडीच्या बांधापर्यंत.
शंभर झाले की उजव्या खिशातला खडा डाव्या खिशात.
कुणी हाक मारली तर बोट वर करायचं, ओ द्यायची नाही.
गुराख्यांना वाटायचं, बाई प्रार्थना पुटपुटतेय.

न्ताते माखेथांचं शेत घळीच्या काठाला.
एकशे अठ्ठ्याण्णव.
म्हणजे दीडशे मीटर.

एप्रिलच्या शेवटच्या पावसात घळ आत आली.
जुलैत, धसकटांवर दंव गोठलेलं असताना
मी पुन्हा गेले, ब्लँकेटची पीन आता
पोटाच्या वर जेमतेम पोचणारी.
म्हातारा मागे मागे,
ओठांनी माझ्याबरोबर मोजत.
दोनशे सहा.
मी गुणाकार केला. एकशे छप्पन्न.
पुन्हा केला.

"वाढलं!" त्यांनी टोपीच काढली.
"लोक म्हणतात घळ खाते. आणि हे बघ, म्मे, वाढलं!"
मगभर आंबील दिली, ज्वारीची, आंबट, गरम.
मी प्यायले. काय बोलणार?

त्या आठवड्यात शेजारचीही तीन शेतं वाढली.
चर्चमागची पायवाटसुद्धा.
सगळं गावच
माझ्या पायांखाली लांबत चाललं होतं.

शनिवारी एकटीच पटांगणावर गेले.
टेपचं एक टोक दगडाखाली दाबलं
आणि बाजारातून घरी येते तशी चालले.
एकशे चव्वेचाळीस.
येताना, एकशे चव्वेचाळीस.

दोन जिवांची बाई एकाच्या पावलानं मोजत होती.
दर पावलामागे सहा सेंटिमीटर आणि थोडं
आतल्यानं काढून घेतलं होतं,
न विचारता, न सांगता,
आणि मी ते लोकांच्या जमिनीत वाटत सुटले होते.

दोनशे सहाला नव्या पावलानं गुणलं.
एकशे त्रेचाळीस.
सहा मीटर वाढलं नव्हतं. सात गेलं होतं.

सोमवारी सांगायला गेले.
न्ताते माखेथा बांधावर बसून पाइप कोरत होते.
सगळं ऐकून घेतलं. माझ्या पोटाकडे बघितलं,
मग घळीकडे.
"म्हणजे तू शेत मोजलंस की त्याला?"

मग गुडघ्यावर हात टेकून उठले
आणि स्वतःच चालू लागले, काठी धरून,
मोठ्यानं मोजत, घळीच्या कडेपर्यंत.
तिथून ओरडले, "दोनशे ऐंशी!
लग्न झालं तेव्हा हेच शेत दीडशे होतं, म्मे!
माझ्या पायांनी तर ते दरसाल वाढतंय!"
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

कडेची ओली माती त्यांच्या बुटाखालून
थोडी सुटली, खाली गेली.
ते एक पाऊल मागे आले.
ते मी मोजलं नाही.

घरी येऊन पुठ्ठ्यावर एकशे बत्तीसच्या खाली
एकशे चव्वेचाळीस लिहिलं, तारीख घातली.
त्याच्या खाली ऑक्टोबरनंतरसाठी
एक ओळ मोकळी सोडली.