रेडीवाटर

कोशाच्या कचेरीत, धंतोलीत,
माझ्या वाट्याला आर हे अक्षर आलं.
पहिल्याच आठवड्यात रेडिएट.
आधीच्या बाईंनी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं:
प्रारित होणे.
पुढे प्रश्नचिन्ह,
आणि चहाच्या कपाचा गोल डाग.

प्रारित होणे.
तोंडात घोळवून पाहिलं,
कच्च्या कवठासारखी जीभ आवळली.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे बाबांचं दुकान.
पत्र्यावर पेंटरनं रंगवलेलं:
येथे रेडीवाटर रिपेर होईल.
आठवीत असताना मी खडूनं दुरुस्त केलं होतं,
ट्रकांच्या धुळीनं दोन दिवसांत
पुन्हा बाबांचं करून टाकलं.

विचारलं, बाबा, या शब्दाचा अर्थ काय?
डाख देताना मान वर न करता म्हणाले,
इंजिनची धग घ्याची
अन् वाऱ्याले देऊन टाकाची.
ठेवून घेतली का हेड गेलं समज.

मी वहीत लिहिलं: देऊन टाकणे.
सकर्मक.

एप्रिलात मेडिकलच्या कॅज्युअल्टीत
कोवळ्या मिशांचा डॉक्टर वाकून विचारत होता,
काका, पेन रेडिएट होते का?
बाबा म्हणाले, नाई जी, लीक नाई.
पोरगा हसला.
मग मीच विचारलं, बाबा, कळ कुठं कुठं जाते?
त्यांनी छातीवर बोट टेकवलं,
खांद्यावर नेलं, कोपराशी वळवलं,
गिऱ्हाइकाला पत्ता सांगतात तसं,
कडबी चौकातून सरळ, मग डाव्या हातानं,
आणि करंगळीशी थांबले.
इथं संपते रोड.

त्या रात्री डबा घेऊन जाताना
रिक्षा झिरो माईलवरून गेली.
दगडावर गावं कोरलेली, मैलांसकट.
इथून निघालेली, की इथं यायची राहिलेली,
रिक्षावाला म्हणाला, ताई, मीटरवर या.

मे महिना. बाबा घरी.
संपादकांचा निरोप: एका ओळीत बसवा,
सौर, उष्णता, आनंद, रस्ते, वेदना, सगळं.
गच्चीवर साडेअकरा वाजले तरी
कठड्याची भिंत दुपारचं देणं फेडत बसलेली.
मी तळहात जवळ नेला, टेकवला नाही.
वीतभर अंतरावरही कळत होतं.
तसाच मग बाबांच्या पाठीजवळ नेला,
बनियनवर घामाचा नकाशा,
आत ती नवी जाळी बसवलेली,
बारीक, त्यांच्या कुठल्याही कोअरहून बारीक.

न शिवता पोचणे,
मी अंधारात मनाशी म्हटलं,
आणि हे अकर्मक की सकर्मक
ते ठरवायच्या आधीच
बाबा झोपेत बोलले,
कूलरमंधी पाणी टाकलं का वं?