एक शब्द

एक्झेटरच्या त्या खोलीत पेन न्यायला बंदी.
मोरवेनाने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले
आणि फोमच्या उशीवर उघडली
कुणा बाईची साडेतीनशे वर्षांपूर्वीची वही:
खोकल्यावरचे काढे, मेणबत्त्यांचा हिशोब,
मध्येच एक ओळ, मुलाबद्दल.

एम.ए.च्या पुस्तिकेत कौशल्यांची यादी होती.
सूक्ष्म वाचन, स्वतंत्र मत, संदर्भांची शिस्त.
भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ करावं
तशी तिने ती पाठ केली होती.

'माझा मुलगा आज…'
पुढच्या शब्दावर डाग.
पहिलं अक्षर एस, नाहीतर एफ;
त्या काळी दोघं जुळ्या भावांसारखी, आईलाच ओळखू यावीत.
निजला? पडला?
की शिडाच्या जहाजाने गेला?

निबंधाला तो गेलेला हवा होता.
वीस पानं त्याच्या जाण्यावर उभी राहिली असती.

डॉ. हॅदरली मागून येऊन थांबल्या.
'काय दिसतंय ते सांग,
काय हवंय ते मला कळलंय.'

भिंग, दिवा, पुन्हा भिंग. तीन तास.
मग पेन्सिलीने एक चौकट,
चौकटीत प्रश्नचिन्ह.
मुलगा राहिला तिथेच,
ना अंथरुणात, ना समुद्रावर.

रात्री न्यूलिनहून वडिलांचा फोन.
मागे जाळं ओढल्याचा आवाज.
'काय शिकवतात गं तिथे?
वाचता तर तुला चौथ्या वर्षीच येत होतं.'

'आज एक शब्द नाही आला, बाबा.'

जाळं थांबलं.
'कुठला?'