मेन स्विच

मार्केट यार्डात, मगदूमांच्या आडतीत,
हळदीच्या पोत्यांमागे कॉम्प्युटर सकाळपासून घोंगावत होता
पट्टा सुटलेल्या गिरणीसारखा.
बाबगोंडा दिवाणजी म्हणाले,
"बघा की वो नसरीनबाई,
एक पट्टी काढायला पाऊण तास.
माणूस चहा पिऊन पिऊन दमला."

आधी झाकण काढलं.
पंख्याच्या पात्यांवर बोटभर हळद,
एक नवरी न्हाऊन निघाली असती.
ब्रशनं झाडली, फुंकली, दोनदा शिंकले.
दिवाणजींनी खाली पेपर धरला
आणि पडलेली भुकटी पुडीत बांधून
गल्ल्यात ठेवली.
पंखा स्वच्छ. आवाज तोच.

मग टास्क मॅनेजर उघडला.
प्रोसेसर शंभर टक्के.
हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन टक्क्यांवर
एसटीतल्या चौथ्या सीटसारखं अंग चोरून,
बाकी सगळी जागा एकीनंच अडवलेली:
अपडेटची सर्व्हिस,
पडद्यामागं राबणारी,
दुकानात कुणालाच ठाऊक नसलेली.

थांबवली. मुकाट थांबली.
पंखा खाली उतरला तसं दुकान मोठं झालं,
बाहेरचा काट्यावरचा आकडा ऐकू आला,
अठ्ठेचाळीस सहाशे, अठ्ठेचाळीस सहाशे.
"झालं?" दिवाणजी म्हणाले,
तेवढ्यात ती उठली, आपली आपणच.
शंभर.

नोंदी उघडून बसले.
संध्याकाळी सव्वासातला जरा सवड मिळाली
की उतरवायला सुरुवात,
सात चाळीसला तुटलेलं.
दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच,
एकसष्ट दिवस.
आणि रोज सकाळी बिचारी
आपलेच अर्धे तुकडे जुळवत बसायची,
जुळत नाहीत म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

"दिवाणजी, सात चाळीसला काय होतं?"
"काय व्हायचंय? दुकान बंद करतो."
"बंद म्हणजे?"
"मेन स्विच पाडतो. कुलूप घालतो.
तीनदा ओढून बघतो."

सत्त्याण्णव साली एका वायरीनं ठिणगी टाकली होती.
अकरा बारदानं जळाली. रिकामी. माल वाचला.
"मालक काही बोलले न्हाईत,"
पुडीची गाठ नसताना सोडवत ते म्हणाले,
"बोलले असते तर बरं झालं असतं."

मी सर्व्हिस पुन्हा थांबवली,
उठायच्या आत तिच्या फोल्डरात शिरले,
एकसष्ट दिवसांचा कोंडा एका बटणात पुसला.
मग रिकाम्या जागेवर तिला परत चालू केलं,
कामाची वेळ लावून दिली: नऊ ते सात,
तेवढ्या वेळात मान वर करायची नाही.
शंभराचे चाळीस झाले, चाळीसाचे सहा.
अडकलेली पट्टी प्रिंटरमधून
गरम गरम बाहेर आली.

"आता एकच.
आज रात्री मेन स्विच पाडू नका."
तिजोरीची किल्ली मागितल्यासारखं
त्यांनी माझ्याकडं बघितलं.
"आख्खी रात्र?"
"एकच. तिला एकदा पुरं होऊ द्या."
काही न बोलता त्यांनी बारदानाची थप्पी
स्वतः ओढत दाराकडं नेली,
कुठूनशी वाळूची बादली आणून टेबलाखाली ठेवली,
मग तीही जवळ वाटली, थोडी लांब सरकवली,
परत जवळ घेतली.

पावणेदहाला मिरजेत माझा तवा तापलेला,
फोन वाजला.
"नसरीनबाई, दुकानासमोरच उभा हाय.
शटरच्या फटीतनं निळा उजेड येतोय.
आवाज काय न्हाई. चालू हाय न्हवं?"
"चालू आहे. घरी जा."
"जातो."

फोन ठेवायचा राहिला त्यांचा.
यार्डात कुठंतरी कुत्रं भुंकलं.
कुलूप ओढल्याचा आवाज आला, एकदा.
दुसऱ्यांदा.
मी तिसऱ्याची वाट बघत राहिले
आणि भाकरी उलटायची विसरले.