बशीखाली

एकतीस वर्षं मी ट्रकवाल्यांना अंडी वाढली,
सस्कॅचवनमधल्या एका हमरस्त्याच्या कडेला,
बाहेर उणे तीस असो की डासांचा जुलै.
बशी उचलण्याआधी जराशी कलती करायची,
नुसत्या आवाजावरून कळायचं
खाली पंचवीस सेंट आहेत की अख्खा डॉलर.
एकदा वीसची नोट निघाली. उलटी केली,
तर मागे छापलेलं: खरं धन स्वर्गात असतं.
ते गिऱ्हाईक दर रविवारी यायचं.
कॉफी तीनदा भरून घ्यायचं.

तेव्हा अलास्काच्या जहाजावर चढताना वाटलं,
बाकी काही येत नसेल मला,
पण बक्षिशी कोणी शिकवायला नको.

इथे बशी उचलूच देत नाहीत.
पहिल्याच रात्री टीव्हीवर माझा हिशेब उघडला:
सेवेपोटी, रोजचे, आपोआप.
मी घोरत असताना कोणीतरी माझ्या वतीनं
उदार होऊन गेलं होतं.

जेवणाच्या टेबलावर मॉर्ली म्हणाला,
"कापतात ना? मग वर एक सेंट देऊ नका."
थेल्मा म्हणाली, "पहिल्याच दिवशी हातावर वीस ठेवावेत,
आठवडाभर बर्फाची बादली रिकामी राहत नाही."
मला बर्फ नको होता.
खिडकीबाहेर तो डोंगरभर पडलेला होता.

माझी खोली रोडेलियोकडे. इलोइलोचा.
मुलगी नऊ महिन्यांची, त्यानं पाहिली ती फोनवरच.
रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा एक प्राणी:
हत्ती, माकड, एक काहीतरी, बहुधा कासव.
मोडवेना मला. सगळे सोफ्यावर ओळीनं बसवले
आणि एकाच टॉवेलावर भागवलं.
चौथ्या दिवशी त्यानं हळूच विचारलं,
"मॅडम, टॉवेल मोजून मिळतात. हत्ती नेऊ का?"

आणि दाराशी थबकून, आणखी हळू,
"अजून एक. तुम्ही पलंग आवरता.
चादरीचे कोपरे माझ्यापेक्षा घट्ट.
सुपरवायझर म्हणेल, याला एवढं कसलं काम?
आणखी चार खोल्या देईल."

मी ओशाळले.
एकतीस वर्षं मलाही राग यायचा त्यांचा,
जे जाताना बशा एकावर एक रचून ठेवत,
टेबल पुसत,
आणि त्याच पुसलेल्या टेबलावर
काहीही न ठेवता निघून जात.

शेवटच्या संध्याकाळी काउंटरपाशी रांग होती.
इस्त्रीचे शर्ट, मोत्यांच्या माळा.
मला वाटलं फोटो मिळतायत.
मग पुढच्याचं बोलणं ऐकू आलं,
"ते रोजचे काढून टाका. सगळे सात दिवस."
काउंटरवरची मुलगी हसत होती. ते हसू मी ओळखते,
त्याला पगार नसतो.
रांगेत मॉर्ली होता. मला पाहून
झुंबराकडे बघायला लागला.
बिल यायच्या आधी टोपी घालणारा माणूस
असाच छताकडे बघतो.

खोलीत येऊन पाकिटात नोटा घातल्या.
किती ते सांगत नाही,
कमी वाटले तर लाज, जास्त वाटले तर मिरवणं.
वर नाव लिहिलं. स्पेलिंग त्याच्या बिल्ल्यावरून
आधीच टिपून ठेवलं होतं.
हातात द्यायचं म्हणून साडेसहापासून दार उघडं ठेवलं,
पण त्याला खालच्या डेकवर बॅगा ओढायला लावलं होतं.
भोंगा वाजला. माझ्या गटाचा नंबर पुकारला.

पाकीट उशीवर ठेवलं
आणि सवयीनं चादरीचा कोपरा हातात आला.
तो सोडून देणं
मला वाटलं त्यापेक्षा जड गेलं.
पांघरूण होतं तसंच, अर्धं जमिनीवर,
उशीला माझ्या डोक्याचा खळगा,
आणि सोफ्यावर ते बहुधा-कासव,
जे त्यानं मोजणीत धरलं नव्हतं.