नववी

मी इयत्ता नववीत, आणि संघातही नववी.
खो-खोला मैदानात नऊच लागतात.
वैजू आली आणि मी परीक्षा न देताच दहावी झाले:
म्हणजे बाटल्या, चपलांची राखण, चुन्याची बादली,
कडकोळ सरांची शिट्टी हरवली की शोधणं.

देवरवाडीहून बाचीला आली ती, आजोळी, ऑगस्टात.
अंतर किती? सायकलची चेन एकदा पडेल एवढं.
मध्ये कुठंतरी पाट्यांचे रंग बदलतात
आणि मोबाइल आपोआप दुसऱ्या भाषेत स्वागत करतो.
आई काजूच्या कारखान्यात,
टरफलाच्या तेलानं बोटं काळी.
बाप कुठाय, कुणी विचारलं नाही.
अर्जात मात्र तो रकाना होता.

पहिल्याच दिवशी खांबाजवळ तिनं अशी झेप घेतली
की सर कन्नडात काहीतरी पुटपुटले,
आणि रविवारी खडेबाजारातून तिच्या मापाचे बूट घेऊन आले.
माझं माप त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मग कागद सुरू झाले.
दाखला. दाखल्यावर तिकडच्या साहेबाची सही,
त्या सहीखाली इकडच्या साहेबाची सही.
तिकडच्या कॉम्प्युटरनं तिचा नंबर काढून टाकलेला,
इकडच्यानं अजून घेतला नव्हता.
सतरा दिवस ती कुठल्याच राज्यात शिकत नव्हती
आणि रोज माझ्या शेजारी बसून
माझ्या डब्यातली लसणाची चटणी खात होती.
कारकुनानं गावडेचं गौडा केलं.
ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की.
पळायचंय मला. नाव थोडंच पळणार हाय?"

सामन्याच्या आदल्या गुरुवारी हरकत आली,
उचगावच्या शाळेकडून, पाचशे रुपये भरून, पावती जोडून.
एकतीस जुलैनंतर प्रवेश. एक वर्ष अपात्र.
खाली पेनानं: खेळासाठी आणलेली.
आणलेली.
बाजारातनं म्हैस आणतात तशी.
सर बराच वेळ तो कागद उलटा धरून बसले.
मग म्हणाले, "पण तारीख त्यांना कळली कशी?"

माझी मावसबहीण आहे त्या शाळेत.
मळेकरणीला गेलो होतो, मंगळवारी, आमराईत,
तीन दगडांच्या चुलीवर रस्सा उकळत होता.
तिनं विचारलं, काय गे, यंदा तू खेळूलालीस न्हवं?
मी म्हटलं, न्हाई. नवी आलीय एक. ऑगस्टात.
एवढंच.
भाकरी मोडता मोडता.

खो पाठीमागून द्यायचा असतो.
हात लागायला हवा, आणि आवाजही यायला हवा.
माझा आवाज कुणाला आला नाही.

लेले मैदानावर मी सहाव्या चौकात बसले.
बूट परत गेले होते दुकानात.
चुन्याच्या रेघेबाहेर वैजू अनवाणी उभी,
हातात माझी बाटली, काखेत सगळ्यांचे स्वेटर.
समोर त्यांच्या तिघी उड्या मारत अंग गरम करत होत्या.
त्यांनी मधली पट्टी हवी तितक्यांदा ओलांडायची.
मागे लागणारीनं ओलांडली की फाऊल.
दोन वर्षं खेळत होते,
हे विचित्र आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"गे!" वैजू ओरडली. "उलटी बसलीस!
फिर तिकडं, शिट्टी व्हायच्या आत!"

खरंच. एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं,
आणि मी शेजारणीच्याच दिशेला बघत बसलेले.
मी फिरले.
आता ती माझ्या पाठीमागं,
मला दिसत नव्हती.
बाटलीचं झाकण उघडल्याचा, लावल्याचा,
पुन्हा उघडल्याचा
आवाज तेवढा येत होता.