पाय मोडलेला क

माझगावच्या म्युनिसिपल शाळेत, तिसरी ब च्या वर्गात,
शनिवारी तीन ते पाच
आम्ही नऊ म्हातारे बसतो, गुडघे बाकात अडकवून.
रुबिना परकार शिकवते. वय सव्वीस.
पहिल्या दिवशी म्हणाली, तांडेलकाका,
माउसला घाबरू नका, चावत नाही.
म्हटलं, पोरी, आमच्या छापखान्यातले चावायचे.

एकेचाळीस वर्षं ठाकूरद्वारला खिळे जुळवले.
उलटं वाचता येतं अजून.
समोरच्याच्या हातातली चिठ्ठीसुद्धा.
विचारलं, हे यंत्र करतं काय?
मोजतं, म्हणाली.
नुसतं मोजतं?
नुसतं. दिवा चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य.
मग पडद्यावर क आला कुठून?

तिने खडू घेतला.
क म्हणजे तेवीसशे पंचवीस.
खाली तोच आकडा, दिव्यांच्या भाषेत:
१००१०००१०१०१
क चा खण माझ्या बोटांना अंधारातही सापडायचा.
त्याला नंबर असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.
कैद्यासारखा?
नाही काका, चाळीतल्या खोलीसारखा.

क्ष मला अख्खा एका खिळ्यात मिळायचा.
इथे आधी क,
मग त्याचा पाय मोडा, मग ष.
ग्रेटा डिमेलो मागून म्हणाल्या, पाय मोडायलाही नंबर?
हो, तेवीसशे एक्क्याऐंशी.
ग्रेटाबाईंच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय.
त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

सॉफ्टवेअर मला लगेच कळलं.
यंत्र लोखंडाचं. पण आधी काय, मग काय,
किती प्रती, कुठे थांबायचं,
हे सगळं आमच्या हळदणकर फोरमनच्या डोक्यात.
तर सॉफ्टवेअर म्हणजे
फोरमन रजेवर असताना
मागे राहिलेलं त्याचं डोकं.
रुबिना हसली. म्हणाली, परीक्षेत असं लिहू नका.

बग समजवायला तिला उदाहरण सुचेना. मी दिलं.
एकोणऐंशी साली, एका लग्नपत्रिकेत,
आपले आगमनाभिलाषी
यातला आ माझ्या हातून निसटला.
आठशे पाहुण्यांना आमंत्रण गेलं,
खाली यजमान: आपले गमनाभिलाषी.
यंत्राने चूक केली नाही.
दिलं ते छापलं, आठशे वेळा, न हसता.
तेच, रुबिना म्हणाली. अगदी तेच.

मग एकदा वीज गेली.
अर्धं पान लिहिलेलं, परत आली तेव्हा पडदा कोरा.
मी सेव्ह केलं नव्हतं.
रॅम म्हणजे डाव्या हातातली स्टिक:
आत्ता जुळवतोय तेवढंच, धक्का लागला की सगळं जमिनीवर.
डिस्क म्हणजे मागची मांडणी,
जिथे मजकूर दोऱ्याने बांधून ठेवायचा.
दोरा आवळला म्हणजे सेव्ह.
एवढंच होतं तर.
आयुष्यभर सेव्ह करत होतो, शब्द नव्हता.

डिलीटवर मात्र अडलो.
ती म्हणाली, बऱ्याचदा फाइल तशीच राहते.
फक्त नोंदवहीतलं तिचं नाव जातं,
जागा रिकामी समजली जाते.
दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत
ती तिथेच. हाक मारणारं कुणी नाही, इतकंच.

आमचा छापखाना बंद झाला तेव्हा
खिळे किलोवर गेले. शिसं वितळलं.
त्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे.
परवा नंबर काढायला तिथेच गेलो.
उजव्या भिंतीपाशी, जिथे माझी केस होती,
आरसा लावलाय.
बाकी काही नाही. नंबर थोडा वाढलाय.

काल रुबिनाने लाजत लाजत विचारलं,
माझ्या लग्नाची पत्रिका कराल, काका? इथेच, कॉम्प्युटरवर?
उर्दूची बाजू तिचा भाऊ बघतोय, मराठीची मी.
शेवटच्या ओळीवर आलो.
आ टाकला.
उलटं वाचलं, सुलटं वाचलं,
ग्रेटाबाईंना वाचायला लावलं.
पडद्याने विचारलं, बदल जतन करायचे?
मी म्हटलं, थांब जरा,
आणि पुन्हा आ बघितला.